तटाच्या पोटातलं पाणी

मी एक जुना पन्हळीचा दगड आहे. किल्ल्याच्या तटात, माणसाच्या दुप्पट उंचीवर मला बसवलेलं आहे आणि माझ्यातून आरपार एक भोक जातं. मित्रांनो, हे भोक तोफेने पाडलेलं नाही की उंदराने कुरतडलेलं नाही. तटातलं पाणी बाहेर सोडण्यासाठी ते मुद्दाम कोरलेलं आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण लोक आजवर मला फुटका दगड म्हणूनच ओळखत आले.

माझा जन्म इथलाच. आमच्या बांधणाऱ्यांनी दगड लांबून आणलाच नाही. त्यांनी खंदक खोदला आणि त्यातून निघालेल्या दगडांचाच तट उभा केला. ओढ्याकाठचे चुनखडे भट्टीत भाजून चुना केला, तो वाळूबरोबर बैलांनी ओढायच्या घाण्यात मळला. बाहेरून एक आणि आतून एक अशा घडीव दगडांच्या दोन भिंती बांधल्या आणि मधल्या पोकळीत दगडांच्या कपच्या आणि तिथलीच माती ठासून भरली. फेकून द्यावं असं काही उरलंच नाही.

मला घडवलं एका पाथरवटाने. तो छिन्नी चालवायचा आणि त्याची बायको भात्यापाशी बसून बोथट छिन्न्यांना धार लावून द्यायची. बाहेरच्या बाजूला जरासं उतरतं असं हे भोक कोरायला त्यांना अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी किल्लेदार पाहणीला आला आणि भडकला.

"तटाला भोक? शत्रूला आवतण देताय का?"

"सरकार, यातून मांजरसुद्धा यायचं नाही," पाथरवट म्हणाला. "पण कितीही लिंपा, पाऊस वरून आत शिरणारच. माती भिजली की फुगते आणि भिंतीला रेटते. त्या पाण्याला बाहेर पडायला वाट नको का?"

किल्लेदाराला पटलं की नाही, ठाऊक नाही. पण मी जागेवर बसलो. माझ्या आतल्या तोंडाशी खडी भरली, म्हणजे पाणी यावं आणि माती मागे राहावी.

त्यानंतर किती पावसाळे मी पाणी बाहेर टाकलं, त्याची मोजदाद नाही. लढायांत तटाची वाहवा झाली, बुरुजांवर गाणी रचली गेली. माझं नाव कोणी घेतलं नाही. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पुढे लढाया संपल्या, खंदक बुजवला गेला आणि त्यावर घरं उभी राहिली. माझ्या अगदी समोर, एवढंसं अंगण सोडून, कपडे शिवणाऱ्या एका बाईंचं घर आहे. गल्ली त्यांना शिलाईकाकू म्हणते. तटाकडच्या खोलीत त्यांच्या सासूबाईंची खाट असते. सासूबाईंना उठता येत नाही.

माझं पाणी पडायचं ते नेमकं काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. गिऱ्हाइकांचे नवेकोरे कपडे आणि त्यावर माझे तांबूस डाग. काकू वैतागल्या, यात त्यांची काही चूक नाही. त्यांचा दीर गवंडी होता.

"भावजी, तेवढं भोक बुजवून द्या हो एकदाचं."

"पाच मिनिटांचं काम आहे, वहिनी."

त्याने सिमेंट कालवून माझं तोंड बंद केलं. बिचाऱ्याचा हात चांगला होता, तेच नडलं. थेंबभरही पाणी बाहेर येईना. कपडे कोरडे राहू लागले आणि काकूंनी त्याला दोन वेळा चहा पाजला.

पावसाळा सुरू झाला. माझ्यामागे पाणी साचत गेलं, माती फुगत गेली. समोरच्या खिडकीतून ती म्हातारी बाई खाटेवर माझ्याकडे पाठ करून शांत झोपलेली मला दिसायची आणि मला ओरडता येत नव्हतं.

काकूंची कपड्यांची दोरी तटातल्या खिळ्यापासून घराच्या खांबापर्यंत बांधलेली होती. ती सैल पडली. काकूंनी ताणून बांधली, तर आठ दिवसांत पुन्हा झोल. "नायलॉन आहे, ताणते ती," दीर म्हणाला. पण काकूंचा जन्म मोजमापात गेलेला. त्यांनी गळ्यातली टेप काढली, खांबापासून तटापर्यंतचं अंतर घेतलं आणि आकडा खडूने खांबावर लिहिला. चार दिवसांनी पुन्हा मोजलं आणि दिराला बोलावून घेतलं.

"दोरी वाढलेली नाही, भावजी. तट पुढे आलाय. इंचभर."

तो हसत आला. त्याने तटावरून हात फिरवला आणि त्याचं हसू गेलं. दगडांच्या सांध्यात बोट जाईल एवढी फट पडली होती.

"आधी आईला बाहेर काढा," तो म्हणाला.

चौघांनी सासूबाईंची खाट उचलून गल्लीपलीकडच्या घरात नेली. आसपासची घरं रिकामी केली. मग काकू नको नको म्हणत असताना त्याने बाजूने शिडी लावली आणि स्वतःच भरलेलं सिमेंट फोडायला लागला. घाईत छिन्नी दोनदा घसरून माझ्या ओठावर बसली. शेवटचा तुकडा निघाला तसं गढूळ पाणी धो धो सुटलं आणि तो शिडीला मिठी मारून नखशिखांत भिजला. संध्याकाळपर्यंत मी वाहत होतो. पुढे आलेला तट मागे गेला नाही, पण तिथेच थांबला.

दुसऱ्या दिवशी तो आईपाशी गेला.

"तू लहान असताना तुझे वडील दर उन्हाळ्यात त्या भोकात काठी घालून गाळ काढायचे," आई म्हणाली. "त्यांचे वडीलही काढायचे."

"मग मी बुजवत होतो तेव्हा बोलली का नाहीस?"

"मला खाटेवरून काय दिसणार? आणि मला विचारलं कोणी?"

तो खाटेशेजारी जमिनीवर बसला.

"आणखी काय काय सांगायचं राहिलंय, आई?"

ती सांगत राहिली आणि तो ऐकत राहिला. आता अंगणात एक दगडी पाट आहे, त्यातून माझं पाणी निघून जातं. काकूंनी दोरी तीन हात बाजूला बांधली. खरं तर पहिल्यापासून एवढंच करायचं होतं.

मित्रांनो, जुन्या कामात एखादी गोष्ट विचित्र दिसली, तर ती मोडण्याआधी ती तिथे का आहे, ते विचारा. मला विचारून उपयोग नाही, मी पडलो दगड. पण ज्यांना ठाऊक आहे अशी माणसं तुमच्याच घरात, एखाद्या खाटेवर असतील. ती आपणहून सांगणार नाहीत. मी आणखी पाचशे वर्षं थांबू शकतो. त्यांना थांबता येणार नाही.