खडूचा ‘स’

“नुसती तोंडात घे, फिरव आणि थुंकून टाक,” मारियेके म्हणाली. “याला पिणं म्हणत नाहीत, सुमती. या धंद्यात कुणीच म्हणत नाही.”

सुमतीने टेबलावरच्या ग्लासकडे पाहिलं. तळाशी दोन बोटं वाईन होती, जुन्या विटेच्या रंगाकडे झुकलेली. तिने तो चौथ्यांदा उचलला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. सुकलेल्या गुलाबपाकळ्या, चामडं, जरासं डांबर, तळाला मनुका. सगळं जागच्या जागी होतं. महिन्याभरापूर्वी तिने वहीत लिहिलं होतं तसंच. तरीही नऊ उपाहारगृहांनी हीच वाईन परत पाठवली होती आणि नऊच्या नऊ जणांची तक्रार एकच होती. घोट गिळला की थोड्या वेळाने तोंडात उंदराचा वास येतो.

“वासात काही नाही,” सुमती म्हणाली.

“माहीत आहे. म्हणून तर चव घ्यायला सांगतेय.”

“ती मी घेणार नाही.”

मारियेके काही खाष्ट मालकीण नव्हती. रायस्वाइकच्या औद्योगिक वसाहतीतलं हे गोदाम तिच्या वडिलांनी उभं केलं होतं, तिथे सगळे मिळून सात माणसं, आणि इटलीतल्या लहानलहान घराण्यांच्या वाईन आणून हॉलंडभर पोचवणं हा त्यांचा धंदा. तिने शांतपणे अडचण सांगितली. तिला स्वतःला त्या वाईनमध्ये काहीच वावगं लागत नव्हतं. हा दोष दर तीन माणसांतल्या एकाला कळतच नाही, आणि ती नेमकी त्यातली होती. प्रयोगशाळेचा अहवाल यायला तीन आठवडे लागणार होते आणि गुरुवारी ही वाईन करणारा एत्तोरे स्वतः इटलीहून येत होता. त्याला काहीतरी सांगावं लागणारच होतं. उरलेली अडतीस खोकी विकायची की परत न्यायची, एवढाच प्रश्न होता.

“आणि दुसरं असं,” मारियेके जरा थांबून म्हणाली, “जे नाकाला कळत नाही ते कळायला मला कुणीतरी लागणार. तू असशील तर उत्तमच. नसशील तर मला माणूस शोधावा लागेल. तुला लेबलं आणि पॅकिंग आहेच.”

लेबलं आणि पॅकिंग. चौदा वर्षांपूर्वी सुमती इथे आली ती त्याच कामावर. नवऱ्याच्या, चंद्रशेखरच्या, नोकरीपायी पिंपरीहून हेगला येऊन पडली होती. भोसरीतल्या साबणाच्या कारखान्यात सुगंध तपासायची नोकरी आणि रसायनशास्त्राची पदवी, दोन्हींना इथे कुणी विचारत नव्हतं. मग बाटल्यांच्या पाठीवर डच लेबलं चिकटवायचं काम मिळालं. तिसऱ्याच आठवड्यात टेबलावर उघड्या पडलेल्या एका बाटलीजवळून जाताना ती सहज म्हणून गेली, की या बाटलीला ओल्या गोणपाटाचा वास येतोय. बूच खराब होतं. मारियेकेच्या वडिलांनी लागोपाठ बारा बाटल्या तिच्यापुढे ठेवल्या आणि तिने बारातल्या दोन बाजूला काढल्या. त्या दोनच खराब होत्या, आणि ते म्हाताऱ्याला आधीच ठाऊक होतं.

तेव्हापासून आलेल्या प्रत्येक मालातल्या काही बाटल्या सुमती उघडायची, हुंगायची आणि पसंत पडलेल्या खोक्यांवर पांढऱ्या खडूने ‘स’ काढायची. तो ‘स’ आहे हे गोदामात कुणाला वाचता येत नव्हतं. पण तो असल्याशिवाय ट्रकवाले खोकं उचलत नसत. या वाईनपर्यंत चौदा वर्षांत एकही ‘स’ परत आला नव्हता, आणि या गोष्टीचा तिला थोडाफार ताठा होता, खोटं कशाला सांगा.

आणि चौदा वर्षांत वाईनचा एक थेंब तिच्या ओठाला लागला नव्हता. पंचशील तिने शाळेत जायच्या आधी पाठ केलं होतं. त्यातलं पाचवं शील, दारूपासून दूर राहण्याचं, तिच्या आईने नुसतं पाठ केलं नव्हतं. पिंपरीच्या वस्तीतला गुत्ता बंद पाडायला ज्या बायका गेल्या त्यांच्यात ती पुढे होती, आणि तिथे हातावर बसलेल्या काठीचा वण ती अजून पाहुण्यांना दाखवते. लेक वाईनच्या गोदामात लागली हे कळल्यावर आई फोनवर एकच वाक्य बोलली. तेच वाक्य ती अजून दर रविवारी, तब्येतीची चौकशी करायच्याही आधी बोलते. “तोंडात जात नाही ना?” आणि सुमती दर रविवारी “नाही” म्हणते.

संध्याकाळी जेवताना तिने चंद्रशेखरला सगळं सांगितलं. चंद्रशेखर ऑफिसच्या पार्टीत कोकाकोला घेऊन कोपऱ्यात उभा राहणारा माणूस. पण त्याला बायकोची नोकरी आवडायची, आणि घरी येऊन ती वासांच्या गोष्टी सांगायची त्या जास्तच.

“अगं, खोकल्याच्या औषधात नसतं का?” तो म्हणाला. “आणि तू तर थुंकणार आहेस. टेक्निकली बघितलं तर...”

“औषध घेतल्यावर आई विचारत नाही.”

“मग सांगू नकोस आईला.”

सुमतीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने मान खाली घालून वरणात भात कालवला आणि पुढे तो विषय काढला नाही.

खरं तर तिला झोंबत होतं ते वेगळंच. आपण चूक केली होती. दुसऱ्या कुणा तपासणाऱ्याच्या हातून ती झाली नसती, कारण तो घोट घेतो. नाकावर भरवसा ठेवून खोक्यांवर ‘स’ काढला तो आपण, आणि तोही एत्तोरेच्या वाईनवर. बुधवारी सायकलवरून कामाला जाताना समोरून वारा होता आणि ती पूर्ण वाटभर याच विचारात होती.

एत्तोरे रोवेल्लो इटलीत, पिएमोंतेतल्या एका टेकडीवर राहतो. घराणं चार पिढ्यांचं, द्राक्ष एकच, नेब्बिओलो, आणि पद्धतही एकच. शेजाऱ्यांनी लहान नवी पिपं आणली, त्यांच्या वाईनला व्हॅनिलाचा वास यायला लागला, त्या लवकर तयार होऊन लवकर विकल्या गेल्या. एत्तोरेकडे आजोबांच्या वेळची खोलीएवढी लाकडी पिपं आहेत. त्यांत वाईन चार वर्षं पडून राहते आणि तिला लाकडाचा वास लागत नाही, नुसता वेळ लागतो. दर वर्षी मार्चमध्ये तो हेगच्या वाईन-प्रदर्शनाला यायचा आणि येताना सुमतीसाठी एक बरणी आणायचा. पहिल्या वर्षी ही बाई पीत नाही हे कळल्यावर तो चिंतेत पडला होता. दुसऱ्या वर्षी त्याने बायकोने, तेरेसाने, केलेला मुरांबा आणला. द्राक्षाचा ताजा रस आंबायच्या आत आटवायचा आणि त्यात नाशपाती, अक्रोड घालायचे. सुमतीच्या घरी तो चपातीशी संपायचा.

पाच हिवाळ्यांपूर्वी तेरेसा गेली. त्या मार्चची बरणी मुलीने केलेली होती. कशी झालीय, असं एत्तोरेने विचारल्यावर सुमतीच्या तोंडून खरं निघून गेलं. मुरांबा तळाला किंचित लागलाय, म्हणाली. नंतर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण एत्तोरेने तिचा हात धरून दोनदा दाबला होता.

गुरुवारी अकराच्या सुमारास तो आला. तपकिरी कोट, बगलेत कागदात गुंडाळलेली बरणी. वय चौऱ्याहत्तर. मारियेकेने कॉफी दिली, तक्रारींची पत्रं दाखवली आणि तिच्या परीने सांभाळून घेतलं. काहींना लागतं, काहींना लागत नाही, दहाजणांनी तर पुन्हा मागवलीय, हवं तर उरलेला माल स्वस्तात एखाद्या सुपरमार्केटला देऊन मोकळं होऊ. मग तिला फोन आला आणि ती काचेच्या केबिनमध्ये गेली.

एत्तोरेने सुमतीला विचारलं, तुझं काय म्हणणं? त्याचं इंग्रजी मोडकं, तिचं इटालियन त्याहून मोडकं, पण इतक्या वर्षांत दोघांचं अडत नसे. सुमतीने लपवाछपवी केली नाही. नाकाला काही सापडत नाही, तोंडात मी घेत नाही आणि घेणार नाही, म्हणून मला माहीत नाही, असं तिने सांगून टाकलं. सांगताना तिची मान खाली गेली होती.

एत्तोरेने टेबलावरचा तिचा वाईनचा ग्लास उचलला.

“हात पुढे कर,” तो म्हणाला.

तिच्या तळहातावर त्याने चार थेंब टाकले. दुसऱ्या तळव्याने चोळ, थांब आणि दहा मोज, असं त्याने खुणेनेच सांगितलं. त्याचे वडील रविवारी चर्चला जायच्या आधी तोंडात काही घालत नसत. पाणीसुद्धा नाही. पण पिपं तर रविवारीही बघायची असायची. ते असं हातावर बघायचे. जे नाकापासून लपतं ते कातडीवर बाहेर येतं, म्हणायचे.

सुमतीने तळवे चोळले. हात नाकाशी नेला. आधी गुलाबच आला. सहा, सात. डांबर ओसरलं. नऊ. आणि मग तो आला, आणि तिने तो एका क्षणात ओळखला. लहानपणी घरातल्या ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीत एकदा उंदीर शिरला होता. आईने झाकण उघडल्यावर जो वास आला होता, तोच. शंकेला जागा नव्हती.

तिने हात खाली घेतला. एत्तोरे तिच्याकडे पाहत होता. आपण आता काय बोलणार यावर काय काय अवलंबून आहे, हे तिला लख्ख दिसत होतं. ‘आहे’ म्हटलं की तिची जागा वाचत होती. इथून पुढे तिला घोट घ्यायची गरजच उरणार नव्हती. आणि त्याच शब्दाने या माणसाची चार वर्षं मातीत जात होती. ती सोय त्यानेच तिच्या हातावर ओतली होती. तिला त्याचा राग आला, स्वतःचाही आला.

“आहे?” त्याने विचारलं.

“आहे.”

“थोडा?”

“आज थोडा. उन्हाळ्यापर्यंत सगळ्यांना कळेल.”

त्याने मान हलवली. कोटाच्या खिशातून रुमाल काढून आधी तिला दिला. मग स्वतःच्या तळहातावर थेंब टाकून चोळले, हुंगलं आणि खांदे उडवले. त्याला काहीच येत नव्हतं. मारियेकेसारखाच तोही, हा दोष न कळणाऱ्यांतला होता, आणि जन्मापासूनच होता.

मग त्याने जे सांगितलं ते बरंचसं इटालियनमध्ये सांगितलं, आणि सुमतीला ते सगळं कळलं. पिपं निरोगी राहावीत म्हणून त्यांत गंधकाची वात जाळतात. त्याच्या आजोबांपासून कुणी ती चुकवली नव्हती. पण त्यांची झोपायची खोली तळघराच्या बरोबर वर, आणि तेरेसाला दमा. शेवटच्या दोन हिवाळ्यांत धुराचा जरासा वास आला तरी ती रात्रभर बसून काढायची. त्याने वात जाळायची सोडली. दोन वर्षांनी काय होतंय, असं स्वतःला सांगितलं. ही द्राक्षं तिने खुडलेली शेवटची. खुर्ची टाकून बसली होती, हात पुरत होता तेवढेच घड तिने काढले.

“नाक तिचं होतं,” तो म्हणाला. “मी करायचो, ती सांगायची. आता मुलगी चाखते आणि छान आहे म्हणते. तिला मला दुखवायचं नसतं.”

काहीतरी बोलायला हवं होतं, आणि ते खरंच असायला हवं होतं.

“गुलाब आहे अजून,” ती म्हणाली. “आधी गुलाबच येतो.”

एत्तोरे यावर हसला, आणि हसता हसता त्याने चष्मा काढून पुसला.

मारियेके बाहेर आल्यावर त्यानेच तिला निकाल सांगितला. अडतीसच्या अडतीस खोकी परत जातील, पुढच्या वर्षीच्या वाईनमधून भरपाई होईल, सुपरमार्केटचं नाव काढायचं नाही. मारियेकेने सुमतीकडे पाहिलं. सुमतीने तळहात पुढे करून दाखवला आणि नंतर समजावते म्हणाली. मारियेके कागद करायला आत गेली. लेबलं आणि पॅकिंगचा विषय त्यानंतर निघाला नाही.

खोकी मागच्या भिंतीशी रचलेली होती, प्रत्येकावर खडूचा ‘स’. सुमती ओलं फडकं घेऊन तिकडे निघाली तेव्हा एत्तोरेने ते तिच्या हातून घेतलं.

“हे तुझं नाव आहे ना?”

“पहिलं अक्षर.”

“मग यावर नको,” तो म्हणाला आणि पुसायला लागला.

घाईघाईने फडकं फिरवून मोकळा झाला असता तर चाललं असतं, कुणी बघणार नव्हतं. पण तो एकेका खोक्यापुढे थांबून, अक्षराच्या वळणावळणाने, पूर्ण कोरं होईपर्यंत पुसत होता. खालच्या दोन ओळींसाठी गुडघ्यावर बसला, उठताना भिंतीचा आधार घेतला. कोटाची बाही पांढरी झाली. सुमतीने दोनदा हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला.

सगळ्यात वरची ओळ त्याच्या हाताला येईना. तेव्हा ती लेबलांच्या टेबलाजवळचं लाकडी स्टूल घेऊन आली. एत्तोरे त्यावर चढला. स्टुलाचा एक पाय जरा आखूड होता. तो शेवटची सहा अक्षरं पुसून होईपर्यंत सुमती खाली बसून दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरून राहिली.