आतली चेन कोण बघतं?

हो, मीच बोलतेय. विमानात डोक्यावरच्या कप्प्यात कोंबतात ना, ती चार चाकांची, काळ्या कापडाची केबिन बॅग. आठ वर्षं मुकाट्यानं फरफटत गेले, आता बोलते. आणि आधीच सांगून ठेवते, मी काही क्षमाशील वगैरे नाही. मी डूख धरला, सूड घेतला आणि अजून त्याची चव घेतेय.

माझा जन्म कारखान्यातला. एकीनं माझी शिवण घातली, दुसरीनं चाकं बसवली आणि सुट्टीची घंटा होता होता कुणीतरी अस्तराची चेन कशीबशी मारून दिली. त्या घाईचं पुढं काय झालं ते ऐकालच.

दुकानात मला बघायला एक नवराबायको आले. नवरा लिफ्टच्या मोटारी विकायचा. आठवड्यातून दोनदा विमान, म्हणून ऑफिसात सगळे त्याला हवाईराव म्हणायचे. तो एका लाल चकचकीत बॅगेवर भाळला होता. बायको मात्र पक्की. तिनं मला सरळ उलटं पाडलं, दांडा ओढून गदागदा हलवला, चाकांखाली बोट घालून पाहिलं.

"हीच घे," ती म्हणाली. "हिची चाकं स्क्रूची आहेत, मोडली तर बदलता येतील. त्या लाल बॅगेला ठोकून बसवलीत. एक चाक गेलं की अख्खी बॅग गेली." मग तिनं माझी आतली चेन ओढून बघितली. "ही तेवढी कच्ची वाटतेय."

"आतली चेन कोण बघतं, मॅडम?" दुकानदार हसला. हवाईरावही हसला आणि मी त्यांच्या घरी आले.

काय सांगू तुम्हाला या माणसाचे गुण! दोन दिवसांचा दौरा आणि कपडे आठवड्याचे. मग माझ्यावर बसायचं, उड्या मारायच्या, चेन ओढताना मलाच शिव्या द्यायच्या. विमानतळावर ती मापाची लोखंडी चौकट असते ना, तिच्यात मी मावत नव्हते ते याच्या चार जोडी बुटांमुळे. पण लाथ कुणाला? मला. लाथा घालून बसवायचा आणि वर त्या कर्मचारी मुलीला म्हणायचा, "बघा, बसली की नाही?"

दीड वर्षात पुढचं डावं चाक निखळलं. कंपनीनं कानावर हात ठेवले. चाकं म्हणे वॉरंटीत येत नाहीत. तेव्हा बायकोनं त्याला टाकेमावशीकडे धाडलं.

एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली मावशीचं दुकान. एक टेबल, एक शिलाई मशीन आणि डबे भरून चाकं. तिचा टाका उसवायचा म्हटलं तर उसवणाऱ्याचा हात दुखून यावा, म्हणून ती टाकेमावशी. तिनं माझी आतली चेन उघडली, अस्तर बाजूला सारलं, मागचे स्क्रू काढून नवं चाक बसवलं. मग अस्तराच्या मागच्या बाजूला निळ्या शाईनं तारीख घालून लिहिलं, 'पुढचं डावं चाक बदललं. टाकेमावशी.'

"हे कशाला?" हवाईरावानं विचारलं.

"उद्या मी विसरले तर बॅगेनं सांगायला नको?" मावशी म्हणाली.

आठ वर्षांत अशा अकरा ओळी झाल्या. चारही चाकं तिची, दांडा तिचा, बाहेरची चेन तिची, फाटलेल्या कोपऱ्यांवरचं चामडं तिचं. उसवलेली शिवणही तिनंच नव्यानं घातली. कंपनीचं म्हणावं असं नुसतं कापड उरलं होतं आणि ती कच्ची आतली चेन.

मग इमारतीच्या मालकानं जिन्याखालची जागा परत मागितली. तेवढ्यात मावशीला कळलं की विमानतळावर बॅगा दुरुस्तीचा गाळा द्यायचाय. मात्र नेहमी विमानानं फिरणाऱ्या गिऱ्हाइकाचं शिफारसपत्र हवं.

"साहेब, दोन ओळी द्याल लिहून?" तिनं हवाईरावाला विचारलं.

"अहो मावशी, दोन काय, दहा देतो!"

त्या दहा ओळी महिनाभर त्याच्या तोंडातच राहिल्या. मध्येच माझ्या कंपनीनं स्पर्धा काढली. सगळ्यात जुनी, दुरुस्ती न केलेली बॅग दाखवा, तुमचा फोटो विमानतळावर लावू. फोटो म्हटल्यावर हा पाघळला. लिहून मोकळा झाला, 'आठ वर्षं झाली, या बॅगेला सुई लागलेली नाही.'

"अरे, मावशीच्या पत्राचं काय?" बायकोनं विचारलं.

"आता कसं देणार? इकडे सुई लागली नाही म्हणायचं आणि तिकडे दुरुस्ती छान करते म्हणून लिहायचं?"

"मग खरं लिहायचं होतंस की!"

"तुला नाही कळायचं," म्हणाला आणि मला घेऊन थेट मावशीकडे गेला. "मावशी, त्या आतल्या रेघोट्या जरा पुसून टाका."

"ती शाई जात नाही, साहेब. अन् माझं पत्र?"

"पत्राचं विसरा. तुम्ही असं समजा, मी तुमच्याकडे कधी आलोच नव्हतो."

मावशीनं माझी आतली चेन लावली आणि मला टेबलावरून खाली ठेवलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अकरा वेळा जिनं मला उभं केलं, तिला हा उपटसुंभ असं बोलतो? त्याच दिवशी मी ठरवलं, याला चारचौघांत तोंडावर पाडायचं.

सुरुवात लगेच केली. विमानाच्या दारात चाक अडकवलं. मागे रांग खोळंबली, लोक करवादले, मला गुदगुल्या झाल्या. पण हा काय म्हणाला? "काय भिकार चाक बसवलंय त्या बाईनं!" झालं! माझी खोडी आणि बोल मावशीला. जीभ असती तर चावली असती मी.

आठवड्यानं समारंभ. विमानतळाच्या बाहेरच्या दालनात व्यासपीठ, कंपनीची माणसं, फोटोवाले आणि पहिल्या रांगेत विमानतळाची व्यवस्थापक बाई. हवाईराव नाकानं कांदे सोलत बोलला, "वस्तू जपायची असते हो, संस्कार लागतात." मग मजबुती दाखवायला मला डोक्यावर उचलून आपटलं.

मी फुटायचं ठरवूनच आले होते. पण फुटू कुठून? शिवण मावशीची. चाकं मावशीची. काही निघालं तर तिचंच निघणार, तिचीच नाचक्की. दात ओठ खाऊन मी शाबूत राहिले. दुसऱ्यांदा आपटलं, तरी शाबूत. टाळ्या पडल्या आणि गडी चेकाळला.

"आतूनही बघा!" म्हणाला. "जशीच्या तशी!" आणि मला उघडून लोकांसमोर धरलं.

यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. माझ्यात मावशीचं नसलेलं एकच होतं, कंपनीची ती आतली चेन. सोडली मी. टरकन दात निघाले, अस्तर उलटं होऊन लोंबलं आणि अकरा निळ्या ओळी लोकांसमोर आल्या.

व्यवस्थापक बाई उठून जवळ आली आणि मोठ्यानं वाचायला लागली. "पुढचं डावं चाक बदललं. दांडा नवा घातला. कोपरे शिवले..." प्रत्येक ओळीला दालनात हशा. हवाईराव म्हणाला, "ते... किरकोळ आहे हो." त्याची बायको जागेवरूनच म्हणाली, "खरं सांग की रे आता तरी!"

"टाकेमावशी," बाई म्हणाली. "यांचाच अर्ज मी परवा परत पाठवला, शिफारसपत्र नाही म्हणून. कुणी कात्री देता का?"

माझं अस्तर कापलं आणि शिफारसपत्र म्हणून अर्जाला जोडलं. दुखलं नाही हो मला, अजिबात नाही. हवाईराव मला तिथंच टाकून पळाला. बायकोनं मला उचलून मावशीकडे पोचवलं.

आता मी विमानतळावरच्या गाळ्यात असते. पोटात मावशीच्या चाकांचे डबे, अंगावर अस्तर नाही, पण थाट बघा माझा. तुम्ही बॅग घ्यायला जाल तेव्हा रंगावर जाऊ नका. उलटी पाडा, स्क्रू बघा आणि आतली चेन ओढून बघा.

परवा तो आला. घामाघूम, हातात दुकानात भाळला होता तसलीच लाल चकचकीत बॅग, एक चाक गायब. "मावशी, लवकर बघा, विमान सुटेल!"

मावशीनं निळं पेन काढलं. "लिहू काय पण? तुम्ही तर माझ्याकडे कधी आलाच नव्हतात."

"चुकलो, मावशी."

"मग तेवढं लिहून द्या. दोनच ओळी."

त्यानं लिहिलं, खाली सही केली. मावशीनं कागद भिंतीवर चिकटवला, मग लाल बॅग शांतपणे उलटी केली. "ठोकलेली चाकं आहेत, साहेब. ही बदलता येत नाहीत."

शेवटची घोषणा झाली. तो बॅग खांद्यावर घेऊन पळत सुटला आणि मी मागून बोंबलले, "आतली चेन तरी बघून घेतलीस का रे?"