दाराआडची बाई

"एक कमी आहे," मी म्हणाले.

कॅमेरेवालीने मान वर केली नाही. "मावशी, सतरा आहेत. मी स्वतः मोजलीत."

"मी एकतीस वर्षं मोजतेय. तीन नंबरच्या खोलीत अठरा चित्रं आहेत."

तिने सुस्कारा सोडून संगणकावर खोली गोल फिरवली. आमच्या कलादालनाची इमारत पाडायची ठरली होती आणि चित्रं गोदामात जायची होती. त्याआधी सगळ्या खोल्यांचे फोटो काढून, घरबसल्या कोणालाही हिंडून बघता येईल असं प्रदर्शन संगणकावर मांडायचं काम या बाईकडे आलं होतं. काम झकास झालं होतं, खोटं कशाला बोलू? भिंतीवरचा ओलीचा डागसुद्धा जागच्या जागी होता. पण उघड्या दाराच्या पाठीमागे काय आहे, हे यंत्राला कुठून कळणार?

दाराआड वीतभर चित्र आहे. खिडकीशी उभी राहून ओले हात पुसणारी एक बाई. चित्रकार अज्ञात. लोकांची जायची-यायची वाट बदलली आणि हे दार दिवसभर उघडं राहू लागलं, तेव्हापासून ती झाकली गेली. पाच वाजता मी दार लावायचे तेव्हाच ती दिसायची. "चला, सुटलो एकदाच्या," असं मी तिला रोज म्हणायचे. हसा हवं तर. दिवसभर "हात लावू नका" एवढंच बोलायची माझी नोकरी. दुसरं काही बोलायला तीच एक होती. तिला मागे टाकून जायचं माझ्या जिवावर आलं होतं.

आणि चूक कोणाची, तर माझीच. फोटोच्या दिवशी "खोलीत चित्रांखेरीज काही नको" म्हणत साहेबांनी मला स्टुलासकट बाहेर काढलं. मी जाता जाता सवयीने दार सताड उघडून गेले.

साहेब खोक्यांच्या यादीत बुडाले होते. "मावशी, दोनशेतलं एक चित्र. तेही कोणाचं माहीत नाही. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

"अहो, परवा गाड्या येणार!"

"म्हणजे उद्याचा दिवस आहे."

"कॅमेरेवालीला वेळ असेल तर बघा," ते म्हणाले. तिला वेळ नाही हे त्यांना ठाऊक होतं. मला कटवायला म्हणाले. मी सरळ तिच्या टेबलाशी माझं स्टूल नेलं आणि बसले. बसून राहण्यात मला कोण हरवणार?

तासाभराने ती वैतागली. "तुम्ही अशाच बसणार आहात का?"

"हो."

"सकाळी आठला या. वीस मिनिटं देईन, एक मिनिट जास्त नाही."

घरी यांना सांगितलं. हे म्हणाले, "एवढं काय आहे त्या चित्रात?"

"बघाल तेव्हा कळेल."

"मी कुठला बघतोय!" यांना नोकरीत कधी सवड मिळाली नाही, सवड मिळाली तेव्हा गुडघे गेले, आणि दालनाला बेचाळीस पायऱ्या. मी कुठे बसते हे यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

सकाळी दार लावलं, पण ते राहीना. कडी कधीचीच मोडलेली. सोडलं की कुरकुरत उघडायचं. कॅमेरेवालीने कागदाची घडी खुपसून पाहिली. दार तिला जुमानेना.

"मी धरून उभी राहते," मी म्हणाले.

"मग तुम्ही दिसाल. हा चहूकडचं टिपतो."

रोज पाच वाजता करायचे तेच केलं. दाराला स्टूल टेकवलं. दार गप्प बसलं.

"साहेब म्हणालेत, खोलीत काही नको."

"मग साहेबांना बोलव दार धरायला."

ती पहिल्यांदाच हसली. "बरं, स्टूल मी मागाहून पुसून टाकीन."

"पूस. बाई राहिली म्हणजे झालं."

आम्ही दोघी पलीकडच्या दाराने बाहेर पडलो आणि तिने बटण दाबलं.

महिन्याभराने प्रदर्शन खुलं झालं. तोवर इमारतीच्या जागी नुसता पत्रा ठोकलेला होता. मी लेकीचा टॅब यांच्या मांडीवर ठेवला आणि यांना पायऱ्यांवरून वर नेलं. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. दार बंद होतं आणि माझी बाई उजेडात हात पुसत उभी होती.

हे मात्र खाली बघत होते. दाराला टेकून माझं स्टूल होतं. ती पुसायची विसरली की तिने मुद्दामच ठेवलं, मी कधी विचारलं नाही.

"इथे बसायचीस होय?" यांनी बोट पुढे केलं.

"हात लावू नका!" तोंडातून निघूनच गेलं. यांनी दचकून हात मागे घेतला. "लावा हो," मी म्हणाले, "आता चालतं."

यांनी दोन बोटांनी स्टूल मोठं केलं. बराच वेळ बघत राहिले.

"गादी पार झिजली होती गं," म्हणाले. "सांगायचं नाही का?"