वाकड्या रेघेतलं नाव

"बाई, घड्याळ पळून नाही जात. हात चालू द्या," शेजारचा सहकारी ओठ न हलवता पुटपुटला. लघुलेखिकाबाईंनी नजर खेचून वहीवर आणली.

सभागृहाच्या मधोमध, अध्यक्षांच्या पायाशी म्हणावं असं त्यांचं टेबल. सगळी हयात तिथेच गेली. हसायचं नाही, हळहळायचं नाही. शब्द कानातून आत, पेन्सिलीतून बाहेर. पण आज जीव टांगणीला लागला होता. परदेशातल्या कैद्यांचा ठराव आटोपला की त्यांच्या गावच्या रेल्वेपुलाचा विषय होता. पुराने पूल नेला तेव्हापासून गाडी बंद. तिकडे म्हातारी आई एकटी, इकडे भाड्याच्या खोलीत या एकट्या. बस बदलत बदलत जायचं तर सुट्टी रस्त्यातच सरायची. आज मंजुरी मिळाली तर ठीक, नाहीतर थेट पुढचं अधिवेशन. आई रेडिओला कान लावून बसली होती.

आणि हे सदस्यमहाशय काही खाली बसेनात! दूरदेशीच्या एका शाळामास्तरणीची हकीकत सांगत होते. वर्गात खरं बोलली म्हणून तिला कोठडीत डांबलं होतं. 'देवा, यांना आवरतं घ्यायची बुद्धी दे,' बाईंनी साकडं घातलं आणि त्यांचे डोळे पुन्हा घड्याळाकडे गेले.

"तिचं नाव आज या सभागृहात उच्चारलं जाऊ दे," सदस्य म्हणाले, आणि त्यांनी ते उच्चारलं. त्याच क्षणी सगळ्यांनी बाकं वाजवली.

बाईंची पेन्सिल थांबलेली होती.

ठराव एकमताने झाला. वेळ संपली. पुलाचा विषय राहून गेला.

"ध्वनिमुद्रण ऐकलं. नुसता बाकांचा खडखडाट," सहकारी म्हणाला. "सदस्य विमानात बसले, छपाईवाले दारात उभे. 'ऐकू आले नाही' असं लिहा आणि सुटा. रीतच आहे आपली."

"तिचं नाव या सभागृहात उच्चारलं जाऊ दे, आणि पुढे 'ऐकू आले नाही'?"

"तुमचा पूल गेला तिच्यापायी, आणि तुम्हालाच पुळका!"

बाई वही घेऊन उठल्या. प्रेक्षक गॅलरीत तिचे वडील आहेत, असं सदस्य भाषणात म्हणाले होते. जिन्याखालच्या बाकावर ते सापडले. अंगातला कोट कुणाचातरी मागून आणलेला, बाह्या बोटांवर आलेल्या.

"बाबा, लेकीचं नाव पुन्हा सांगता? माझ्याकडून लिहायचं राहिलं."

म्हातारा चिडेल असं वाटलं होतं. पण जेवायला हाक मारावी तसं त्याने ते नाव घेतलं. बाईंनी वहीत एक वाकडी रेघ ओढली, खाली एक टिंब.

"एवढंच?" तो वाकून बघत म्हणाला.

"इथे एवढंच. छापताना पूर्ण होतं."

"तुरुंगात नंबर," म्हातारा मोडक्या बोलीत म्हणाला. "हे बरं. नाव बरं."

बाईंनी मजकूर छपाईला दिला, आणि मग कुठे आईला फोन लावायचा धीर झाला.

"ऐकलं गं सगळं," आईच आधी म्हणाली. "मेल्यांना सातासमुद्रापलीकडचं दिसतं, गावातली नदी तेवढी दिसत नाही. जाऊ दे. पुलाला म्हणावं, सावकाश ये, मला कुठे ऑफिस गाठायचंय!" ती हसली. मग हसू एकदम आटलं. "म्हणजे औंदा नाहीच येणार तू."

"बघते, आई. बसने."

"नको. मागच्या खेपेला कंबर धरली होती तुझी." मग तिने विचारलं, "त्या पोरीचं नाव काय गं? बाकांच्या आवाजात गेलं बघ."

बाईंनी सांगितलं. आईच्या जिभेला ते वळेना. दोनदा चुकली, मग सावकाश नीट म्हणाली.

"आई आहे का तिला?"

"वडील आहेत. इथे आले होते."

"कोण होतं बरोबर?"

"कोणी नव्हतं."

"मग, जेवून जा म्हणालीस ना त्यांना?"

बाई फोन कानाला लावूनच जिन्याकडे निघाल्या. बाकावर कोणी नव्हतं. त्या फाटकापर्यंत गेल्या. दिवेलागण झाली होती, कामावरून सुटलेली माणसं घाईघाईने घरी चालली होती, आणि त्यांत तसला कोट कुठेच नव्हता.

"अगं, आहेस ना?" आई विचारत होती.

"आहे," त्या म्हणाल्या.

फोन दोघींनीही ठेवला नाही.