करळ फाट्यावरचा बिघाड

पिनेच्या टोकाला हिरवट काहीतरी होतं—शेवाळासारखं, पण शेवाळ नव्हे—आणि नीताने डोळे बारीक करून वायरींचा कनेक्टर उन्हाकडे धरला तेव्हा ते नाहीसं झालं, जरा कलता केला तर पुन्हा दिसलं. गंज असेल. बंदराकडे जाणाऱ्या गाड्यांच्या पिना खाऱ्या हवेने अशाच हिरव्या पडतात. की तो असायला हवाय म्हणून आपल्याला दिसतोय?... तिने ब्रशने पिना घासल्या, कनेक्टर जागच्या जागी दाबला, टक् असा नेहमीचा आवाज आला, आणि त्या आवाजावरही तिचा विश्वास बसला नाही.

दुसऱ्या कुणाची गाडी असती तर तिने एव्हाना चहा मागवला असता. पण हा ट्रेलर जीवनचा होता, आणि जीवन तिचा नवरा होता.

पनवेलला हायवेलगतचं हे गॅरेज सासऱ्यांचं. ते गेल्यावर आयटीआय केलेली सून तिथे उभी राहिली, आणि वायरींचा पहिल्यापासून कंटाळा असलेला मुलगा कंटेनर ओढायला लागला. आजूबाजूचे मेकॅनिक इंजिन उघडून दमले की गाडी तिच्याकडे पाठवत—वहिनी, जरा स्कॅनर लावून बघा. ती बघायची. ड्रायव्हर काय सांगतो ते ऐकून घ्यायचं आणि बाजूला ठेवायचं, ही सासऱ्यांची शिकवण. ड्रायव्हर काहीही सांगतो, झोपेपायी सांगतो, मालकाच्या भीतीने सांगतो... पण ड्रायव्हर घरचाच असला, रोज आपल्याच ताटासमोर बसणारा असला, तर त्याचं सांगणं कुठे बाजूला ठेवायचं हे सासऱ्यांनी सांगितलं नव्हतं.

जीवन सांगायचा ते असं : भरलेली गाडी, उरणचा रस्ता, आणि करळ फाट्याच्या आसपास अचानक पेडलमधला जीव जातो. पिवळा दिवा लागतो. गाडी बैलगाडीसारखी सरकते. कडेला घेऊन बंद करायची, बराच वेळ थांबायचं, मग चालू केली की जणू काही झालंच नाही. ‘गाडी बसली गो करळला. उशीर व्हईल.’ दिवाळीनंतर हा फोन कितीदा आला! सुरुवातीला तिला वाईट वाटायचं, उन्हातान्हात एकटा माणूस. मग केव्हातरी ती फोनच्या मागचे आवाज ऐकायला लागली. हॉर्न ऐकू येतात का? कंटेनरच्या गाड्यांची घरघर? एकदा मागे कावळे ओरडत होते आणि बाकी काहीच नव्हतं. करळ फाट्यावर इतकी शांतता कधीपासून?

आणि आज सकाळी स्कॅनर लावला तर गाडीच्या आठवणीत काही नाही. बिघाडाचा एकही कोड नाही. पाटी कोरी.

“उरनच्या मेकॅनिकनी पुसले,” जीवन म्हणाला होता. चावी तिच्या हातात देताना तो तिच्याकडे न बघता टायरकडे बघत होता.

पुसतात मेकॅनिक. तीही पुसते. पण तिच्याकडे गाडी आणायच्या आधीच का पुसावेत...

सत्यवती भेटली नसती तर हे सगळं कदाचित इथेच थांबलं असतं. सत्यवती मोरा बंदरावरची कोळीण, पनवेलच्या बाजारात मासळी घेऊन बसते. परवा बोंबील तोलता तोलता सहज म्हणाली, “तुजा घरवाला हल्ली आमच्याकडं असतो काय गो? धक्क्यावर बसलेला दिसतो. दोनदा बगितला मी.”

“गाडी बंद पडते त्यांची,” नीता म्हणाली.

“मोऱ्याला? कंटेनर मोऱ्याला कुटं येतो?” सत्यवती हसली आणि तिने वर आणखी दोन बोंबील टाकले. त्या दोन बोंबलांचाच नीताला राग आला. कीव केल्यासारखे टाकलेले.

करळहून मोरा म्हणजे सगळं उरण ओलांडून पलीकडे. तिथे माणूस वाट चुकून जात नाही.

तेव्हापासून एक बाई तिच्या डोक्यात राहायला आली होती. आधी नुसती साडी होती, मोरपंखी. मग हळूहळू तिला हात आले, बांगड्या आल्या, हसणं आलं. नीता भाकरी थापताना त्या बाईशी भांडायची, आंघोळ करताना तिला हाकलून द्यायची. काय काय बोलायचं ते शब्दांसकट तयार होतं. फक्त आधी पुरावा हवा होता, आणि पुरावा या गाडीत होता. बिघाड सापडला नाही, म्हणजे नवरा खोटा. इतकं सोपं. मग मी सकाळपासून सापडू नये म्हणून शोधतेय की सापडावं म्हणून?

दुपारी सासूबाई डबा घेऊन आल्या. गुणाबाईंनी इंजिनावरून पुढे झुकवलेली केबिन पाहिली, सुनेचे काळे हात पाहिले.

“जेव आदी. पोराच्या मागं काय लागलीस सकालपासून?”

“गाडी बघते मी, आई.”

“गाडीच बघ,” गुणाबाई म्हणाल्या आणि डबा ठेवून निघून गेल्या. म्हणजे त्यांनाही ठाऊक? काय ठाऊक? की म्हाताऱ्या माणसाचं आपलं एक बोलणं... आता कुठलंही वाक्य सरळ कानात शिरेना.

जेवण तसंच राहिलं. तिने चावी फिरवली, इंजिन चालू न करता नुसता करंट दिला, आणि लांब केबलने स्कॅनर बंपरवर असा टेकवला की खालूनही आकडे दिसावेत. मग ती इंजिनाच्या कडेने गेलेला वायरींचा जुडगा एकेका जागी धरून हलवू लागली—इथे ओढ, तिथे वाक, इथे जरा पीळ दे—जसं डॉक्टर पोट दाबत विचारतो, इथे दुखतं का, इथे? आकडे स्थिर. सगळं ठीक. अगदी ठीक. तिच्या आत काहीतरी कडू आणि समाधानी असं वर येऊ लागलं—बघ, म्हणत होते ना मी—

आणि इंजिनाच्या मागच्या अंगाला, हात जेमतेम पोचतो तिथे, तिने जुडगा खाली दाबला तेव्हा डिझेलच्या दाबाचा आकडा कोसळला. त्याच क्षणी पेडलचाही.

तिने हात सोडला. आकडे परतले. पुन्हा दाबला. पुन्हा कोसळले. दोन्ही एकदम.

दोन सेन्सर एकाच वेळी मरत नाहीत. दोघांना मिळून पाच व्होल्ट पुरवणारी एक वायर असते, तीच कुठेतरी बॉडीला टेकत असणार. तिने टेप कापला. होतीच. लोखंडी पट्टीच्या कडेवर वायरचं आवरण घासून गेलं होतं आणि आतलं तांबं डोकावत होतं. बोजा पडला की इंजिन कलणार, कललं की तांबं पट्टीला लागणार. करळच्या चढाला लागणारच.

पण ती तिथेही थांबली नाही, याची तिला नंतर लाज वाटली. तिने टॉर्च जवळ आणून पाहिलं—घासलंय की पात्याने सोललंय? कडा गोलसर होत्या. पट्टीवर त्याच जागी घासून घासून आलेली चकाकी होती. घासलंच होतं. कुणी काही केलं नव्हतं. नवरा खरं बोलत होता.

मोरपंखी साडी क्षणभर विरून गेली. नीता बंपरवर बसली, हसली, डोळे पुसताना गालाला काळं लागलं. मग तिला मोऱ्याचा धक्का आठवला.

जीवन चार वाजायच्या सुमाराला आला. “सापरला काय?”

“सापडलं.” तिने वायर दाखवली.

तो वाकून बघत राहिला. नीता त्याचा चेहरा बघत होती. माणूस अशा वेळी सुटल्यासारखा दिसतो, शिवी तरी देतो. जीवन बघत राहिला, एखादं जुनं ओळखीचं दुकान बंद होताना बघावं तसा.

“म्हंजे आता नाय बंद पराची.”

“नाही.”

“बरा झाला,” तो म्हणाला.

ती विचारणार नव्हती. असं नव्हतंच विचारायचं. “मोऱ्याला कशाला जाता?”

हायवेवरून एक लांबलचक ट्रेलर गेला. तिला हे कुणी सांगितलं, हेही त्याने विचारलं नाही.

“पयल्यांदा खरंच बंद परली. मेकॅनिक येईना. बसून बसून कंटाला आला, रिक्षा मिलाली, गेलो. लाँच सुटत व्हती. बगत बसलो.”

“आणि मग?”

“मंग काय. जात रायलो.”

“गाडी बंद न पडता?”

त्याने हात पँटला पुसले. हातांना काहीच लागलेलं नव्हतं.

“कोण असतं तिथे?”

“कोन असनार?” त्याला खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. मग तो म्हणाला, “एकदा तिकीट कारलेला. चरलो नाय.”

ती बाई कुठेच नव्हती. साडी, बांगड्या, सगळं गेलं, आणि त्या जागी नुसता जीवन होता, हातात तिकीट घेऊन उभा. बाईसाठी तिच्याकडे शब्द होते. याच्यासाठी एकही नव्हता. तिकीट कुठलं, परतीचं की... घरात काय कमी होतं, माझ्यात काय, की कशातच काही नव्हतं आणि तरी माणूस जाऊन रांगेत उभा राहतो? रागावायचं तर कशावर? तो तर चढला नव्हता.

“दे, बॅटरी धरतो,” तो म्हणाला. तिने टॉर्च त्याच्या हातात दिला. वायर साफ केली, जोड घातला, टेप गुंडाळू लागली. तो उजेड बरोबर तिच्या बोटांवर धरून होता.

“लाँच कुठे सोडते?” तिने विचारलं.

“मुंबईला, भाऊच्या धक्क्याला.”

हे तिला ठाऊक होतं. पनवेलमधल्या कुणालाही ठाऊक असतं. तरी तिने विचारलं होतं, आणि आता तिला आणखी विचारायचं होतं—किती वेळ लागतो, गर्दी असते का, बाया एकट्या जातात का... टेप गुंडाळणारा हात आपोआप मंदावला. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे तिने पाहिलं नाही. इतके दिवस ती त्याच्यावर नजर ठेवून होती, आणि आत्ता, याच घटकेला, त्याने आपल्याकडे बघू नये असं तिला फार वाटत होतं.