वर्तुळात मांडलेली नावे

मारित बाई आमच्या अध्यापक महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत. त्या नॉर्वेच्या, चीनच्या गान्सू प्रांतातल्या आमच्या डोंगरी गावात त्यांचे ते तिसरे वर्ष होते. मार्चमध्ये त्यांनी वर्गाला निबंध दिला : मला भीती वाटली तो दिवस. माझ्या वर्गातल्या तान युलानने तिचे वडील खाणीत गाडले गेले, त्या दिवसाविषयी लिहिले. त्या दुर्घटनेत अधिकृत मृत नऊ होते. युलानच्या निबंधात चौदा नावे होती. शिक्षक काय बोलतात, काय लिहून घेतात, याचा अहवाल देणारा एक विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. आमच्याही होता. दहा दिवसांनी बाईंना शुक्रवारपर्यंत गाव सोडण्याची सूचना मिळाली.

मी वर्गप्रमुख, आणि भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. एका विद्यार्थ्याची विनंती बाजूला सारता येते, एकतीस जणांची नाही, असे गणित मी मांडले. परीक्षेपर्यंत बाईंना राहू द्यावे, इतकाच अर्ज होता. सहीशेजारी अंगठा उमटवायला लाल शाईची डबी आली. पहिली सही करायला मात्र कोणी तयार होईना.

"गोलात लिहा," वर्गातला फू म्हणाला. "पहिला कोण, ते कुणाच्या बापाला कळायचं नाही."

"आणि शेवटचा?" मागून कोणीतरी विचारले.

"गोलाला शेवट असतो का, गाढवा? तू उद्या भूमिती शिकवणार पोरांना?"

सगळे हसले. मीही हसलो, आणि नावाशेजारी अंगठा उमटवला.

गुरुवारी दुपारी विभागाचे पक्षसचिव चू यांनी मला बोलावले. बाई आधीच तिथे बसल्या होत्या. चूंनी माझ्यासाठी चहा ओतला, तेव्हाच मला भीती वाटली.

"अर्ज नम्र आहे," ते म्हणाले. "ओळीनं सह्या असत्या ना, तर फाइलला लावून मी विसरलो असतो. पण मनात काही नव्हतं, तर गोल कशाला, क्वांग?"

ज्या आकृतीने आमचे रक्षण व्हायचे होते, तीच आम्ही घाबरून, ठरवून, एकत्र येऊन काही केल्याचा पुरावा झाली होती.

"सुरुवात कोणी केली, ते चारपर्यंत सांग. नाहीतर एकतीसच्या एकतीस फाइलींत नोंद जाईल. तशा फाइलवर कुठली शाळा नोकरी देते, ते मला दाखव."

युलानच्या घरी आता कमावणारे कोणी नव्हते. मला एवढेच म्हणायचे होते की सुरुवात मी केली. तीन शब्द. चहा निवत होता.

"काय म्हणतायत ते?" बाईंनी इंग्रजीत विचारले. मी सांगितले, काही गाळले नाही.

"मग सांग, हे मी करवून घेतलं. कागद मी दिला, गोल मी काढला."

"बाई, असा अर्ज आहे हेच तुम्हाला आत्ता कळलंय. हे कबूल केलंत तर तुम्हाला पुन्हा या देशात येता येणार नाही."

"भाषांतर कर, क्वांग."

मी केले. क्रियापदे अचूक होती.

चूंनी माझ्याकडे पाहिले. "लाल शाईत अंगठे बुडवायचं नॉर्वेत शिकवतात वाटतं?"

मी अंगठा मुठीत घेतला.

"मला त्यांचं नको, तुझं ऐकायचंय. खरं आहे हे?"

"हो."

त्यांनी ते लिहून काढले, बाईंची सही घेतली आणि साक्षीदार म्हणून माझी. घड्याळात साडेतीन झाले होते. अजून अर्धा तास माझ्या हाती होता. तो मी खुर्चीत बसून काढला.

बाहेर जिन्यावर बाई थांबल्या. "आता युलानला काही होणार नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. त्या विधानाला माझ्याकडे कोणताही आधार नव्हता.