मास्तरांची परत गेलेली पत्रं

दवाखान्यातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरी सेवा करणाऱ्यांसाठी त्या ईमेलची एक यादी चालवायच्या. एकाने यादीच्या पत्त्यावर पत्र टाकलं, की ते साडेतीनशे जणांना पोचायचं.

मास्तर त्यातले जुने. बायको सहा वर्षं अंथरुणावर. तरी कुणी काही विचारलं, की त्यांचं उत्तर सगळ्यांत आधी. ते महिनाभर गप्प आहेत हे एका सकाळी सिस्टरांच्या ध्यानात आलं. त्यांनी फोन लावला.

"मास्तर, कशा आहेत बाई?"

"ती गेली, सिस्टर. पंधरा दिवस झाले. मी लिहिलं होतं की यादीवर. चार पत्रं लिहिली. तिचं गिळणं थांबलं तेव्हा विचारलं, नळी घालावी का. कुणी हूं की चूं केलं नाही. म्हटलं, बरोबरच आहे. रोज मरे त्याला कोण रडे."

सिस्टरांनी यादीचा संग्रह उघडला. चारही पत्रं तिथे होती, पण त्यांना स्वतःला एकही आलं नव्हतं. त्यांनी धाकट्या दिराला बोलावलं. त्याचा जन्म संगणकात गेलेला.

"वहिनी, मास्तरांच्या ईमेल कंपनीने नियम कडक केलाय," तो म्हणाला. "बाकीच्या कंपन्यांना सांगितलंय, आमच्या ग्राहकाच्या नावाचं पत्र दुसरीकडून आलं, तर घेऊ नका. तोतये फार झालेत ना. तुमची यादी मास्तरांचं पत्र घेते, खाली आपल्या दोन ओळी चिकटवते आणि त्यांच्याच नावाने पुढे धाडते. समोरच्यांना ती तोतया वाटली."

"म्हणजे सुक्याबरोबर ओलंही जळालं."

"पण पत्रं परत आल्याच्या सूचना तुम्हाला आल्या असतील."

आल्या होत्या. शेकड्यांनी. रोजची कटकट म्हणून सिस्टरांनी त्या सूचनांचा कप्पा महिनाभर उघडलाच नव्हता.

दिराने दहा मिनिटांत दुरुस्ती केली: पत्र यादीच्या पत्त्यावरून जाईल, लिहिणाऱ्याचं फक्त नाव दिसेल. सिस्टरांनी चप्पल अडकवली आणि बस धरली.

मास्तरांच्या खोलीत पलंगावर गादी गुंडाळून ठेवलेली होती. सिस्टरांनी बसण्याआधीच सांगून टाकलं, "चूक माझी आहे. मी बघितलं नाही."

"म्हणजे कुणी वाचलंच नाही?"

"नाही."

मास्तरांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला. "आणि मी सगळ्यांवर रुसून बसलोय." मग खाली बघत म्हणाले, "नळी घातली नाही मी. एकट्यानेच ठरवलं."

सिस्टरांनी पिशवीतून मोबाइल काढला.

"पत्रं पाठवू का आता?"

"आधीची तीन नकोत. लोकांच्या जिवाला उगाच घोर. ती गेल्याचं तेवढं जाऊ दे."

पत्र गेलं. पाव तासात पहिलं उत्तर आलं, मग उत्तरं येतच राहिली. मास्तर एकेक मोठ्याने वाचू लागले. मध्येच थांबले, की पुढचं सिस्टर वाचत. शेवटची बस चुकली तरी त्या उठल्या नाहीत.